लिस्बन पायी: सकाळी पूर्वेची टेकडी, संध्याकाळी पश्चिमेची

लिस्बनमध्ये पायी फिरणाऱ्यांचा दिवस बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे बिघडतो. राहण्याची जागा असते खाली, बाइशा या सपाट भागात. नाश्ता करून माणसं तिथूनच चालू लागतात. समोर किल्ला दिसतो म्हणून किल्ल्याकडे चढतात, उतरून पलीकडच्या टेकडीवर जातात आणि तिथे कोणीतरी एखादी राहिलेली जागा सांगतं म्हणून पुन्हा पहिल्या टेकडीवर. दुपारी दोनपर्यंत पोटऱ्या भरून येतात आणि उरलेला दिवस कॅफेच्या खुर्चीत जातो. शहर लहान आहे, अंतरं किरकोळ आहेत. दमवतो तो चढ.

रचना डोक्यात बसली की क्रम आपोआप ठरतो. दक्षिणेला तेजू नदी. तिला टेकून मधोमध बाइशाची सपाट पट्टी. तिच्या पूर्वेला किल्ला, ग्रासा आणि आल्फामा यांची टेकडी, पश्चिमेला शियादू आणि बाइरू आल्तूची. पूर्वेच्या टेकडीवरून शहराकडे बघताना तोंड पश्चिमेला होतं, म्हणजे सकाळी ऊन पाठीशी आणि सगळी छपरं उजळलेली. पश्चिमेच्या टेकडीवरून बघताना याच्या उलट, म्हणून तिथे संध्याकाळीच जावं, तेव्हा समोर किल्ल्याच्या भिंती तांबूस होतात. म्हणून आमचा नियम असा: सकाळी बसने पूर्वेच्या टेकडीच्या माथ्यावर जायचं आणि चालत उतरायचं, दुपारी सपाटीवर फिरायचं, उन्हं कलली की सरकत्या जिन्याने पश्चिमेला वर जायचं. नकाशावर हे सगळं सहा किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि पायांनी चढायचे असे मोठे चढ त्यात जवळजवळ उरत नाहीत.

वार मंगळवार किंवा शनिवार धरावा, कारण या दोनच दिवशी सांता क्लारा मैदानावर फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो. सोमवार टाळावा, कारण बरीच स्मारकं आणि संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. कार्मूचा भग्न मठ मात्र रविवारी बंद असतो. या वेळचा आमचा दिवस ऑक्टोबरातला मंगळवार होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि सूर्यास्त सातच्या सुमाराला. जूनमध्ये उजेड नऊपर्यंत टिकतो, डिसेंबरात सव्वापाचलाच संपतो. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी पुढे दिलेल्या मुक्कामांतला एखादा आधीच वगळावा.

बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पडून मनगट मोडून घेणारे पाहुणे दर पावसाळी आठवड्यात दिसतात. लिस्बनचे पदपथ आणि चौक लहान चौकोनी दगडांनी बांधलेले आहेत, पांढरा चुनखडक आणि नक्षीपुरता काळा बेसॉल्ट. काळा दगड आपल्या ओळखीचा, सह्याद्रीचा पाषाण याच जातीचा. घसरवतो तो पांढरा. चुनखडक मऊ असतो, लाखो तळव्यांनी घासून त्याला आरशासारखी झिलई येते आणि वर पाण्याचा पातळ थर आला की पाय थांबतच नाही. उतारावर, ट्रामच्या रुळालगत आणि झाडाखाली ओली पानं पडलेली असतात तिथे जास्त जपावं. कडक, गुळगुळीत तळव्याचे चामडी बूट नकोत. सपाट चप्पलही नको, कारण दगडांच्या फटींत बोटं ठेचतात. मऊ रबराचा, खाचा असलेला तळवा आणि घोट्याला आधार, एवढं पुरे. ओल्यात आम्ही पदपथ सोडून जिथे गाड्या नाहीत तिथे रस्त्याच्या मधून चालतो. मधला दगड मोठा आणि खरबरीत असतो.

ही फरसबंदी आजही हातानेच होते. कारागीर बुटक्या स्टुलावर बसतो. डाव्या तळहातावर दगड धरून हातोडीच्या एक-दोन ठोक्यांत तो हव्या त्या आकाराचा तोडतो आणि खालच्या बारीक खडीच्या थरात रोवतो. सिमेंट नाही. फटींत भुकटी भरायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी ठोकणीने चोपायचं. म्हणूनच पाणी खाली झिरपतं आणि नळ दुरुस्त करायचा असेल तर दगड उचलून परत लावता येतात. आणि म्हणूनच पदपथावर गाडीचं चाक चढलं की दगड सुटतात आणि खड्डा पडतो. असा सुटा दगड दिसला तर त्यावर पाय देऊ नये, तो उलटतो. नक्षीदार फरसबंदीची सुरुवात १८४२ मध्ये किल्ल्यावर झाली. तिथला लष्करी अधिकारी एउझेबियू फुर्तादू याने कैद्यांकडून नागमोडी पट्ट्यांची फरशी करून घेतली. ती लोकांना इतकी आवडली की काही वर्षांतच रोसियू चौकात काळ्यापांढऱ्या लाटा उमटल्या.

आम्ही साडेआठला मार्तिम मोनीज चौकातून निघालो. प्रसिद्ध २८ क्रमांकाची पिवळी ट्राम इथूनच सुटते, आणि दहानंतर तिच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो. आत गर्दी इतकी की खिडकीबाहेर काही दिसत नाही आणि खिसेकापूंचं मात्र फावतं. ट्रामचा आग्रह असेल तर सकाळी आठच्या आत या. नाहीतर ७३४ क्रमांकाची बस इथूनच ग्रासाच्या चौकात सोडते आणि तिच्याकडे कोणी बघतही नाही. तिकीट चालकाकडे काढलं तर महाग पडतं. मेट्रो स्टेशनच्या यंत्रावर अर्ध्या युरोचं कार्ड घ्यावं आणि त्यात पैसे भरावेत. बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे तेच चालतं. मात्र एका कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही, माणशी एक कार्ड लागतं. यंत्रापुढे गोंधळ होतो तो यामुळेच.

ग्रासाच्या चौकातून सेन्योरा दु मोंत या चबुतऱ्यापर्यंत पाच-सात मिनिटांचा चढ आहे. सकाळच्या सत्रात एवढाच काय तो खरा चढ. शहरातल्या उंच जागांपैकी ही एक. झाडांखाली कठडा, समोर किल्ला, त्याच्या मागे नदी, खाली मोराऱ्या वस्तीची कौलं. इथे उभं राहून आधी दिवसाचा रस्ता डोळ्यांनी चालून घ्यावा. समोरच्या टेकडीवर छप्पर नसलेल्या दगडी कमानी दिसतात, तो कार्मूचा मठ. संध्याकाळी आपण तिथे असू. हे एकदा पाहून ठेवलं की दिवसभर दिशेचा गोंधळ होत नाही. पुढे आल्फामाच्या बोळांत फोनचा नकाशा फारसा उपयोगी पडत नाही. भिंती उंच, बोळ अरुंद, त्यामुळे निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उड्या मारतो.

नकाशाची दुसरी अडचण अशी की तो चढ सांगत नाही. ‘३०० मीटर, ४ मिनिटं’ असं दाखवतो आणि प्रत्यक्षात तीन मजले पायऱ्या निघतात. यावर उपाय रस्त्याच्या पाटीवरच लिहिलेला असतो. नावाच्या सुरुवातीला ‘एश्कादिन्यास’ असेल तर पायऱ्या. ‘काल्सादा’ असेल तर खडा चढ किंवा उतार. ‘बेकु’ म्हणजे बोळ, तो पुढे बंद असण्याची शक्यता बरीच. ‘त्राव्हेसा’ म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारी आडवी गल्ली, ही बहुधा सपाट. ‘लार्गु’ म्हणजे मोकळा चौक. मुलांची बाबागाडी किंवा दुखरे गुडघे बरोबर असतील तर या पाच शब्दांवर दिवस निभावतो.

ग्रासाहून रस्ता सरळ उतरत साँव व्हिसेंत दे फोराच्या पांढऱ्या मठापाशी येतो. मठ किंवा पलीकडचं राष्ट्रीय स्मृतिमंदिर, दोन्हींपैकी एकच आतून बघावं, एका सकाळी दोन्ही जड होतात. निळ्या फरशांची आवड असेल तर मठ. त्याच्या आवारात आझुलेझूंचं, म्हणजे अशा झिलईदार चित्रफरशांचं, काम भरपूर आहे आणि फ्रेंच लेखक ला फोंतेनच्या प्राणिकथांच्या चित्रफरशांचं वेगळं दालन आहे. इतिहासाचा ओढा असेल तर स्मृतिमंदिर. मूळ सांता एंग्रासियाचं चर्च म्हणून त्याचं बांधकाम १६८२ मध्ये सुरू झालं आणि घुमट चढून ते पूर्ण झालं १९६६ मध्ये. आत रंगीत संगमरवराची भौमितिक फरशी आहे आणि भिंतीलगत स्मारक-थडगी. त्यांतली दोन नावं आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक: वास्को द गामा आणि अफोंसो द अल्बुकर्क. ही नुसती स्मारकं आहेत. गामाची खरी समाधी पश्चिमेकडच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात आहे. दोन्ही जागा एकच समजून इथे फुलं घेऊन येणारे लोकही भेटतात. आम्ही स्मृतिमंदिर घेतो, मुख्यतः घुमटाभोवतीच्या गच्चीसाठी. नदी इतक्या जवळून आणि इतक्या उंचावरून पूर्व भागात दुसरीकडे दिसत नाही.

या दोन इमारतींच्या मधल्या उतारावर बाजार भरतो. जुनी नाणी, पितळी कड्या, रेकॉर्डी, लष्करी बिल्ले, सुट्या फरशा. फरशा घेऊ नयेत. जुन्या इमारतींच्या भिंतींवरून चोरलेल्या आझुलेझूंचा इथे दीर्घ इतिहास आहे आणि विकणाऱ्याला माल कुठला हे सांगता येत नाही. नव्या, हाताने रंगवलेल्या फरशा दुकानांत मिळतात, त्या घ्याव्यात. आणखी एक, बाजारासाठी दुपारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, चांगला माल सकाळीच संपतो.

इथून एश्कोलाश जेराइश या रस्त्याने पोर्ताश दु सोलकडे. काही पावलांत रस्ता इतका अरुंद होतो की ट्रामला एकाच मार्गाची जागा उरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या सिग्नलवर एकमेकींसाठी थांबतात. ट्राम आली की पायी चालणाऱ्याने दाराच्या कोनाड्यात शिरायचं, पाठ भिंतीला, पिशवी पोटाशी. फोटोसाठी रुळावर उभं राहणाऱ्यांमुळे चालकांना रोज घंटा बडवावी लागते. ती घंटा गंभीरपणे घ्यावी, उतारावर ती गाडी चटकन थांबत नाही.

पोर्ताश दु सोलच्या गच्चीवर सगळेच थांबतात. आम्ही तिथे न रेंगाळता शंभरेक पावलांवरच्या सांता लुझियाला जातो. वेलींचा मांडव आहे, आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर दोन मोठी फरशीचित्रं. एकात ११४७ साली पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु एन्रिकेश याच्या फौजा मुस्लिम मूरांच्या ताब्यातल्या किल्ल्यावर चालून जातानाचं दृश्य आहे. दुसऱ्यात १७५५ च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा राजवाड्याचा चौक. हे दुसरं चित्र नीट, दोन पावलं जवळ जाऊन बघावं: डाव्या अंगाला राजवाडा, पुढ्यात पाणी, काठाला होड्या. दुपारी तोच चौक आपण प्रत्यक्ष पाहणार आहोत आणि या चित्रातली एकही इमारत तिथे नसेल.

किल्ल्याबद्दल मत विचारलं जातं म्हणून सांगते. वेळ एकच दिवस असेल तर आत जाऊ नये. तिकीट महाग, अकरापर्यंत रांग लागलेली आणि आज दिसणाऱ्या तटबुरुजांचा मोठा भाग १९३८ ते १९४० मधल्या जीर्णोद्धाराचा आहे. दृश्य सुंदर आहे, पण तसंच आत्ताच फुकट पाहून झालेलं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर गोष्ट वेगळी. तटावरून पळायला मिळतं आणि आवारात मोर आहेत. ज्यांना फक्त किल्लाच बघायचा आहे त्यांनी बाइशातल्या फांकेइरूश रस्त्यावरची सार्वजनिक लिफ्ट धरावी. ती वरच्या मादालेना रस्त्यावर सोडते, तिथून जरा पुढे जुन्या मंडईच्या इमारतीत दुसरी लिफ्ट. दोन्ही मोफत.

आता आल्फामा. सांता लुझियाजवळच्या पायऱ्यांनी जुन्या तटाला लागून खाली उतरलं की वस्ती सुरू होते. १७५५ च्या भूकंपात हा भाग बराचसा टिकला, म्हणून रस्त्यांचं मध्ययुगीन जाळं इथे उरलं आहे. इथे ठरवून चालू नये. नियम एकच: उतार दिसेल तिकडे जायचं. खाली नदी आहे, चुकलात तरी नदीवरच पोचाल. साँव मिगेल चर्चचा छोटा चौक लागला की अर्धं अंतर झालं. ही राहती घरं आहेत. दोरीवर कपडे आहेत, खिडकीत आजी बसलेली आहे. तिचा फोटो काढायचा तर आधी ‘बों दिया’ म्हणून विचारावं. चाकांच्या बॅगा ओढणाऱ्या पाहुण्यांमुळे आणि भाडं वाढल्यामुळे जुने रहिवासी इथून निघून चालले आहेत आणि याची सल भिंतीवरच्या पाट्यांवर वाचायला मिळते. दुपारी फादोच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्याच्या, नावाने आवाज देणारे लोक असतात. खरा फादो रात्री असतो. तो ऐकायचा तर संध्याकाळसाठी आधी जागा राखावी, आणि गाणं चालू असताना बोलू नये, चमचाही वाजवू नये.

खाली पोचल्यावर उजवीकडे वळून नदीकाठाने चालायचं. लगेच शाफारीझ देल-रेइ हा जुना पाणवठा लागतो. लोक न थांबता पुढे जातात, आम्ही थांबतो. याला सहा नळ होते, आणि कोणत्या नळावर कोणी पाणी भरायचं हे सोळाव्या शतकात नगरपालिकेने वर्ण आणि दर्जा पाहून ठरवून दिलं होतं. गुलामांचे नळ वेगळे, गोऱ्यांचे वेगळे. महाडचं चवदार तळं माहीत असलेल्या माणसाला त्या दगडापुढे आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

त्यापुढे दोन-तीन मिनिटांवर काझा दुश बीकुश. दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड बसवलेली इमारत. हे घर १५२३ मध्ये ब्राझ द अल्बुकर्क याने बांधलं. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कचा हा मुलगा. भूकंपात वरचे मजले गेले, ते विसाव्या शतकात १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. खालचे जुने दगड आणि वरचं नवं काम यांतला फरक रस्त्यापलीकडून सहज कळतो. आत आता नोबेलविजेता लेखक जुझे सारामागो याच्या नावाचं प्रतिष्ठान आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली सारामागोची रक्षा पुरलेली आहे.

जेवण साडेबारा ते अडीचच्या दरम्यान उरकावं. तीनला स्वयंपाकघरं बंद होतात आणि मग पर्यटकांची महागडी हॉटेलंच उरतात. गल्लीतल्या साध्या खाणावळीत ‘प्रातु दु दिया’ म्हणजे त्या दिवसाचं ताट, साधारण दहा ते चौदा युरोंत मिळतं. बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते मोफत नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, बिलात येत नाही. मासे खाणाऱ्याने बाकाल्याव घ्यावा. खारवून वाळवलेला कॉड, दोन दिवस पाणी बदलत भिजवून खारटपणा काढलेला. कोकणातल्या जिभेला तो परका वाटत नाही. शाकाहाऱ्याने ‘काल्दु व्हेर्द’ या हिरव्या सुपापासून जपावं, त्यात सॉसेजची चकती असते. ‘सोपा द लेगूमेश’ मागावं, तेही मांसाचा रस्सा घातला आहे का हे विचारून. बेकरीच्या काचेत ‘शामुसा’ दिसेल, तो आपला समोसाच. गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर तो इथे आला आणि आता लिस्बनचाच झाला आहे. पण आत बहुधा खिमा किंवा चिकन असतं, भाजीचा आहे का ते आधी विचारून घ्यावं. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यावी. तीच कॉफी बाहेरच्या खुर्चीत जवळपास दुप्पट पडते. कॉफी घेतली की स्वच्छतागृह वापरता येतं, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहं कमी असल्यामुळे ही संधी सोडू नये. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली भरून घ्यावी.

मग तो चौक. प्रासा दु कोमेर्सियू. तीन बाजूंना पिवळ्या कमानी, चौथी बाजू नदीला उघडी. १ नोव्हेंबर १७५५, सकाळ, सर्व संतांचा सण, चर्चं भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या. जमीन हलली, मग नदीतून समुद्राच्या लाटा शिरल्या, मग पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. सांता लुझियाच्या चित्रातला राजवाडा असा गेला. भारतातल्या मिरीच्या व्यापाराचा हिशेब ठेवणारं कचेरीघरही त्याच आवारात होतं. मधोमध राजा जुझे पहिला याचा घोड्यावरचा पुतळा, १७७५ चा. चौथऱ्याच्या बाजूला एक हत्ती कोरला आहे, तो बघायला पुतळ्याला फेरी मारावी लागते.

शहर पुन्हा उभारलं ते मंत्री सेबाश्तियाँव जुझे द कार्वाल्यू याने. पुढे हाच मार्केश द पोंबाल झाला. त्याच्या हाताखाली मानुएल दा माया, एउजेनियू दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल हे अभियंते. कमानीखालून आत शिरलं की त्यांचं काम सुरू होतं. काटकोनातले रस्ते, एकसारख्या उंचीच्या इमारती, आणि भिंतींच्या आत लाकडी पिंजरा. उभ्या-आडव्या तुळया आणि त्यांना जोडणारे तिरपे फुलीचे वासे. दगडी भिंत हादऱ्याने फुटते, लाकूड वाकतं आणि परत येतं. भिंत ढासळली तरी पिंजरा मजला धरून ठेवतो, अशी ती योजना. जमीन नदीच्या गाळाची असल्याने पाया पाइनच्या खांबांवर आहे, आणि हे खांब भूजलात बुडालेले असेपर्यंतच टिकतात. हवा लागली की कुजतात. कोर्रेएइरूश रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात हे खांब आणि त्यांच्याही खालच्या रोमन काळातल्या मासे खारवण्याच्या टाक्या बघता येतात. मोफत असतं, पण नाव आधी नोंदवावं लागतं. बाइशातली आमची सर्वांत आवडती जागा हीच. मुख्य ऑगस्टा रस्त्यावर मात्र फार वेळ घालवू नये. गॉगल आणि कागदाच्या पुडीतली ‘नशा’ विकणारे मागे लागतात. पुडीत दुसराच पाला असतो. नजर न देता चालत राहावं.

रोसियू चौकात पायाखाली त्या काळ्यापांढऱ्या लाटा. उत्तरेचं नाट्यगृह आहे त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायाधिकरणाचा, वाडा होता. गोव्याचं न्यायाधिकरण १५६० मध्ये सुरू झालं, ते पोर्तुगालमधल्या याच यंत्रणेचा भाग म्हणून. बाजूच्याच चौकात साँव दोमिंगुश चर्च. १९५९ मध्ये आत मोठी आग लागली. दुरुस्ती करताना भाजलेले, ठिकऱ्या उडालेले खांब तसेच ठेवले आहेत. बाहेर १५०६ मध्ये याच चौकातून सुरू झालेल्या ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक आहे. आत दहा मिनिटं पुरतात, पण वगळू नये.

चार वाजले की पश्चिमेची टेकडी. सांता जुस्ताची १९०२ मधली लोखंडी लिफ्ट खालून बघावी, तिच्या रांगेत उभं राहू नये. तिच्याच वरच्या टोकाला, कार्मूच्या मागे, पायी पोचता येतं. त्यासाठी क्रुसिफिशू रस्त्यावरून बाइशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरायचं आणि तिकिटाच्या फाटकाआत न जाता सरकत्या जिन्यांच्या रांगेने वर जायचं. थेट शियादूच्या चौकात डोकं वर निघतं. चढ संपला, पैसे लागले नाहीत. एखादा जिना बंद असतो कधीकधी, तेवढा चढावा.

कार्मूचा मठ १३८९ मध्ये सेनापती नूनू आल्व्हारेश पेरैराने स्थापला. भूकंपात छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानींच्या बरगड्या उभ्या आहेत, वर आकाश, खाली हिरवळ. बाहेरच्या चौकात मात्र आमच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना घडली. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत, म्हणजे हुकूमशाहीविरुद्धच्या लष्करी उठावात, पंतप्रधान मार्सेलू काएतानू इथल्या सैनिकी ठाण्यात अडकला, बाहेर चौक माणसांनी आणि लष्करी गाड्यांनी भरला, आणि संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी लिस्बनने ते मानलं नव्हतं. या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने त्याच वर्षी ३१ डिसेंबरला भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. दगडी कारंजाच्या कडेला बसून हे बरोबरच्या मुलांना सांगावं.

तिथून पाच मिनिटांवर साँव रोक. बाहेरून इतकं साधं चर्च की लोक गोदाम समजून पुढे जातात. आत डाव्या हाताला बाप्तिस्ता योहानाचं छोटं देवघर. राजा जुआँव पाचवा याने ते १७४२ ते १७४७ मध्ये रोममध्ये बनवून घेतलं, मग सुटं करून जहाजाने इथे आणून जोडलं. त्यातली ‘चित्रं’ जवळून बघा. रंग नाही, दगडाचे बारीक तुकडे आहेत. डोळा बाजूने तिरका केला की सांधे चमकतात. वस्त्रगृहात आंद्रे रैनोझूने सुमारे १६१९ मध्ये रंगवलेली सेंट फ्रान्सिस झेवियरच्या आयुष्याची चित्रमालिका आहे. झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाला आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरला. जुन्या गोव्याच्या बाँ जेझूस बॅसिलिकात ज्यांनी त्याची चांदीची पेटी पाहिली आहे, त्यांना त्या कथेचं हे दुसरं टोक इथे दिसतं. सोमवारी या चर्चची वेळ वेगळी असते.

थोडं पुढे साँव पेद्रू द आल्कांतारा हा चबुतरा. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचावं. सूर्य मावळताना तो तुमच्या पाठीशी असतो, बघायचं ते समोर: किल्ला, ग्रासा आणि सकाळी जिथून निघालात तो सेन्योरा दु मोंत. कठड्यावरच्या फरशीच्या फलकावर समोरच्या इमारतींची नावं आहेत.

उतरायला लगतच्या काल्सादा दा ग्लोरियावर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी, होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ती रुळांवरून सुटून १६ माणसं दगावली. त्यानंतर शहरातल्या इतर फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. त्या चालू आहेत असं धरून बेत आखू नये. त्या उतारावरून पायी जाता येतं, पण दिवसअखेर थकलेल्या गुडघ्यांना तो जड जातो आणि ओला असेल तर मुळीच नको. आल्या रस्त्याने शियादूला परतून सरकत्या जिन्याने खाली मेट्रोत उतरणं बरं.

पाऊस लागला तर क्रम उलटा करू नये, फक्त आल्फामाच्या पायऱ्या वगळाव्यात. पोर्ताश दु सोलहून ट्राम धरून बाइशात यावं आणि वाचलेला तास तळघरातल्या त्या खांबांना किंवा साँव रोकला द्यावा. बेलें याच दिवसात कोंबू नये. ते सहा-सात किलोमीटर पश्चिमेला आहे. जेरोनिमुशच्या रांगेतच अर्धी सकाळ जाते. त्याला दुसरा दिवस द्यावा, १५ क्रमांकाची ट्राम फिगेइरा चौकातून पकडावी आणि तोही सोमवार नसावा.